चूक कोणाच्या अंगावर?

निवडणूक असो वा आरक्षण, वाद वरवर धोरणाचा दिसतो. मुळाशी मात्र माणसाविषयीची समजूत असते. एकाला वाटते, माणसाची बुद्धी तोकडी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेल्या रीतींना जे कळते, ते चार शहाण्यांच्या आराखड्याला कळत नाही. दुसऱ्याला वाटते, समाजातले बहुतेक दुःख माणसानेच निर्माण केले आहे, तेव्हा ते दूर करणेही त्याच्याच हाती आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरून एडमंड बर्क आणि थॉमस पेन यांच्यात हाच वाद झाला. आपल्याकडे टिळक आणि आगरकर यांच्यात संमतिवयाच्या प्रश्नावर झाला तोही हाच.

भिलाई हे गाव दुसऱ्या समजुतीवर उभे राहिले. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या मुलखात नंबर घातलेले सेक्टर आखले गेले. मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी क्वार्टरमध्ये राहायला आली. आराखड्यातून नवा माणूस घडवता येतो, हा त्यामागचा विश्वास. तो पुष्कळ अंशी खरा ठरला, असे मी मानतो. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्यांची मुले इथे इंजिनिअर झाली. परंपरेच्या संथ चालीवर सोडले असते, तर हे कधी झाले असते?

पण या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज येते दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून, आणि तिथे प्रश्न उलटा होऊन समोर येतो. 1977 साली तिथल्या कंत्राटी मजुरांनी कामगार नेते शंकर गुहा नियोगींसह स्वतःची संघटना उभी केली. पुढे खाणीत यंत्रे आणण्याचा विषय निघाला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने यंत्र म्हणजे प्रगती. पण घणाने दगड फोडणारे हात आणि टोपलीने खनिज ट्रकमध्ये भरणारे हात त्या यंत्राने रिकामे होणार होते. त्यांत बायका खूप होत्या, आणि यंत्र चालवायला बायकांना कोणी घेत नव्हते. त्यांची हकीकत पुढे इलिना सेन यांनी लिहून ठेवली. संघटनेने यंत्राला सरसकट नकार दिला नाही, अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: काही कामे यंत्राने, काही हाताने. याच लोकांनी दारूबंदीची चळवळ केली आणि 1983 मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. 1857 साली रायपुरात फाशी गेलेला सोनाखानचा जमीनदार वीर नारायण सिंह याला त्यांनी आपला पूर्वज मानले. त्यांना परंपरावादी म्हणावे की सुधारणावादी? मला दोन्ही शिक्के अपुरे वाटतात.

दोन्ही पक्षांच्या तत्त्वज्ञानात मला एकच मोठी उणीव दिसते. बदलातली चूक दुरुस्त करता येत नाही, ही एकाची भीती रास्त आहे. थांबण्याचीही किंमत मोजावी लागते, हे दुसऱ्याचे म्हणणेही रास्त आहे. पण दोघेही ती किंमत 'समाज' मोजतो असे धरून चालतात. समाज मोजत नाही. कोणीतरी एक माणूस मोजतो. बालपणी लावून दिलेले लग्न रखमाबाईंनी नाकारले, तेव्हा 1887 साली कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. सुधारणा आतून, सावकाश व्हावी हा विचार वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून मांडणे सोपे होते. तो सावकाशपणा सोसायचा होता रखमाबाईंना. आणि राजहऱ्यात नव्या युगाचा वेग सोसायचा होता टोपली उचलणाऱ्या बाईला. म्हणून जुने की नवे यापेक्षा, चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडणार आणि निर्णयात त्याचा आवाज किती, हा प्रश्न मला आधीचा वाटतो.

हा आवाज मागण्याचीही किंमत मोजावी लागली. नियोगींचा भिलाईतच, 28 सप्टेंबर 1991 रोजी, झोपेत गोळ्या घालून खून झाला. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेक कामगार मेले.

आजही प्लांटच्या गेटमधून मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार आत जातात. यंत्रांचा, सुरक्षेचा, छाटणीचा निर्णय होईल तेव्हा त्या बैठकीत त्यांनाही खुर्ची मिळावी, हा आग्रह भिलाईकरांनी धरावा. मग ते मत कोणालाही देवोत.