गल्ल्यावरचं नाटक

मराठी नाटककाराला सगळ्यात जास्त छळते ती दाराची बेल. दिवाणखान्यात तीन माणसं भांडतायत, चौथं आत आणायचंय, की वाजवा बेल. मग ते कोण, का आलं, नेमकं आत्ताच का आलं, हे पटवण्यात दोन पानं जातात आणि भांडण थंड होतं. मी एकांकिका लिहितो, बसवतो, शिबिरांत नव्या मुलांकडून लिहूनही घेतो. माझी लाल शाई सगळ्यात जास्त या खुलाशांवर सांडते. त्यामुळे इन्स चोई यांच्या ‘किम्स कन्व्हीनियन्स’ची संहिता वाचताना मला पहिला हेवा वाटला तो त्यातल्या जागेचा. ती जागा म्हणजे एक दुकान, आणि दुकानात यायला कुणालाच कारण लागत नाही. ज्याला काही हवंय तो येतो, पैसे टाकतो, जातो. आणि दुकानदार? तो कितीही चिडला, कितीही दुखावला, तरी गल्ला सोडून कुठे जाणार! नायकाला रंगमंचावर डांबून ठेवायची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

हे दुकान टोरांटोच्या रीजंट पार्क भागातलं. सरकारी घरांची ती जुनी गरीब वस्ती, तिथे आता पुनर्विकास चाललाय. उंच इमारती उठतायत, वॉलमार्ट येणार अशी बोलवा आहे. किम या कोरियन कुटुंबाचा म्होरक्या आप्पा, म्हणजे वडील. त्याची बायको उम्मा, म्हणजे आई. मुलगी जॅनेट तिशीची, फोटोग्राफर, तिला दुकान नकोय. मुलगा जंग कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय. एक दलाल येऊन दुकानाला भरघोस किंमत देऊ करतो आणि आप्पासमोर प्रश्न उभा राहतो, माझ्यामागे हे चालवणार कोण? गोष्ट एवढीच. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानात ती रोज घडते.

चोईंचा जन्म सोलचा, वाढ टोरांटोत, वडील पाद्री. नाटक लिहून झाल्यावर ते बऱ्याच संस्थांकडे पाठवलं, कुणी उचललं नाही. शेवटी टोरांटो फ्रिंज महोत्सवाच्या नव्या नाटकांच्या स्पर्धेत ते पहिलं आलं आणि जुलै 2011 मध्ये उभं राहिलं. दिग्दर्शन चोईंचंच, जंगही तेच. जानेवारी 2012 मध्ये सोलपेपर या टोरांटोच्या नामांकित संस्थेने ते घेतलं आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. कॅनडाभर दौरे झाले, 2016 पासून सीबीसी वाहिनीवर मालिका आली, तिचे पाच सीझन झाले. 2024 मध्ये लंडनच्या पार्क थिएटरमध्ये ते पुन्हा झालं, तेव्हा चोई आप्पा होते, आणि दिग्दर्शन होतं एस्थर जुन यांचं, म्हणजे 2011 मधल्या जॅनेटचं. मुलाचं काम केलेला नट बापाच्या जागी येऊन उभा राहिला. हे भाग्य फार थोड्या नाटककारांना मिळतं.

आता कसबाकडे येतो. शिबिरात मी ही संहिता नटांच्या हाती देतो तेव्हा पहिल्या वाचनात सगळे जण विनोद शोधतात आणि आप्पाचं मोडकंतोडकं इंग्रजी हाती आलं की खूश होतात. मी तिथेच थांबवतो. मालिकेत आणि त्याआधी रंगमंचावर आप्पा केला तो पॉल सन-ह्युंग ली यांनी. ते स्वतः कॅनडात वाढलेले, त्यांचं इंग्रजी चारचौघा कॅनेडियन माणसांसारखं. म्हणजे तो हेल त्यांनी कमावलेला आहे, पण विकायला ठेवलेला नाही. आप्पाला आपण चुकीचं बोलतोय असं क्षणभरही वाटत नाही, त्याला वाटतं आपण बरोबर आहोत आणि समोरचा मंद आहे. हशा येतो तो त्या ठामपणावर. मच्छिंद्र कांबळींचा ‘वस्त्रहरण’मधला तात्या सरपंच आठवा. मालवणी न कळणारा पुणेकरही हसून लोळला, तो काही उच्चारांना नव्हे. नाटक पार पाडायची ती जिद्द, ती घाई, तो सरपंचाचा तोरा, याला हसला. बोलीचं हसू पहिल्या दहा मिनिटांत आटतं. पुढचा दीड तास माणसालाच ओढावा लागतो.

एक प्रसंग जवळून बघू. दुकानाबाहेर गाडी उभी करायला मनाई असलेल्या जागी एक जपानी गाडी लागलीय. आप्पा पोलिसांना फोन करायच्या मागे. जॅनेट वैतागते, की बाबा, तुम्ही हे फक्त जपानी गाड्यांनाच का करता? जपानने 1910 ते 1945 कोरियावर राज्य केलं, ते हा माणूस समुद्रापार येऊनही विसरलेला नाही, आणि त्याच्या हाती सूड घ्यायचं हत्यार एवढंच, टोरांटोचा वाहतुकीचा नियम. प्रेक्षक हसतात. लेखकाचा हात दिसतो तो पुढे. त्याच फोनमुळे जो पोलीस दुकानात येतो तो ॲलेक्स, जंगचा बालमित्र. तो येतो म्हणून जॅनेटचं प्रेमप्रकरण सुरू होतं आणि तो येतो म्हणूनच हरवलेल्या मुलाचं नाव दुकानात निघतं. एका विनोदाने पात्राचा इतिहास सांगितला, स्वभाव सांगितला आणि शिवाय कथानकाचं दार उघडलं. आमच्या एकांकिकांत विनोद बहुधा ‘घेतला’ जातो, टाळी आली की तो संपतो. चोईंचा विनोद टाळी झाल्यावर कामाला लागतो.

दुसरी गोष्ट, आप्पाचे हात. ॲलेक्सचा हात पिरगाळून, त्याला जागच्या जागी जखडून, आप्पा त्याच्याकडून मुलीवरच्या प्रेमाची कबुली वदवून घेतो. धमाल प्रसंग आहे, लहान मुलंही खिदळतील. पण या हातांनी आणखी एक काम केलंय. जंग सोळाचा असताना बापाने त्याला इतकं मारलं की त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर तो तिजोरीतली रोकड घेऊन निघून गेला. हे नाटकात फारसा गाजावाजा न करता कळतं. हात पिरगाळण्याच्या प्रसंगात नटाने गंमत म्हणून पकड ढिली ठेवली तर पुढचं सगळं फुसकं होतं. पकड खरीच हवी. ज्या ताकदीला आपण हसलो तीच मुलाच्या अंगावर पडली होती, हे प्रेक्षकाला कुणी सांगायला नको, त्याचं त्याला उमजायला हवं.

दुकानाचा तिसरा फायदा मला तालमीत कळला. घरगुती भांडण ऐन रंगात असताना गिऱ्हाईक येतं. आवाज खाली येतात, चेहरा सावरला जातो, माल दिला जातो, सुटे मोजले जातात. गिऱ्हाईक गेलं की भांडण तिथूनच पुढे, पण आता ते आतल्या आत मुरलेलं असतं. लेखकाला ‘पॉज’ लिहावा लागत नाही, गिऱ्हाईकच पॉज असतं. मी अशा प्रवेशात नटांना खरी नाणी देतो. खोटी नाणी मोजणारा नट संवादावर नजर ठेवून असतो. खरी मोजणाऱ्याला हिशेब चुकवून चालत नाही, मग संवाद आपोआप कामाच्या लयीत पडतात, खऱ्या दुकानदाराचे पडतात तसे.

ही सगळी गिऱ्हाइकं, तो दलाल आणि ॲलेक्ससुद्धा, मूळ प्रयोगात एकच कृष्णवर्णीय नट करतो. दलालाचं आडनाव ली आहे, त्यावर आप्पा खूश. पण हाच आप्पा मुलीला दुकानदारीचे धडे देतो तेव्हा कोण चोरी करणार आणि कोण नाही, हे रंग, कपडे, बाई की पुरुष यावरून ठरवून सांगतो. तो प्रवेश मी बसवायला घाबरतो आणि तरीही कापू देणार नाही. आप्पा स्वतः परका, पण परक्यांना तोलायचा त्याचा तराजू अगदी स्थानिक. जॅनेट चिडते, आपण हसतो आणि हसल्याची थोडी लाज वाटते. ती लाज वाटली नाही तर दिग्दर्शक चुकला.

उणं काय? उम्मा. बापासाठी भरजरी स्वगत आणि आईच्या वाट्याला मोजकी वाक्यं. जंगला चर्चमध्ये गुपचूप भेटणारी बाई ती, सगळं घर तिनेच शिवून धरलंय, पण लेखकाचं लक्ष गल्ल्यावर. शेवटही मला जरा घाईचा वाटतो. इतकी वर्षं अबोला धरलेली माणसं थोडक्यात समेटाला येतात आणि दुकान जंगच्या हाती जातं. प्रेक्षक डोळे पुसतो हे खरं, पण डोळे पुसले जाणं आणि प्रवेश बांधलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आप्पा मुलीला सांगतो त्याचा अर्थ असा, की माझी गोष्ट म्हणजे हे दुकान नव्हे, तुम्ही मुलं आहात. माझ्या मते नाटकाची उंची तिथे आहे, शेवटात नाही.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता धुंडाळणाऱ्या मंडळांना हे नाटक जरूर सुचवतो. पाच नट, चर्चमधला भाग सोडला तर एकच नेपथ्य, दीड तासाच्या आसपासचा प्रयोग. छापील संहिता 2012 मध्ये हाउस ऑफ अनान्सीने काढली आहे. एकच कळकळीची विनंती, ते उचलून दादर-डोंबिवलीत आणू नका. आपल्याला रूपांतराची फार खोड. आप्पाचा कोकणी आप्पा केलात की जपानी गाडीवरचा राग जाईल, तो गेला की पोलीस येणार नाही, आणि पोलीस आला नाही की पुढचं नाटकच नाही. किम कुटुंब कोरियनच असू द्या, दुकान टोरांटोतच राहू द्या, हक्क रीतसर मागून घ्या, आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून गल्ल्यात खरी नाणी ठेवा.