पानाचे नाव

दगडात पान दिसणे आणि ते ओळखता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छिन्नीच्या हलक्या घावाने थर दुभंगतो आणि काळसर ठसा उघडा पडतो. बहुधा त्याला ना फांदी असते, ना बीज. अभ्यासकाच्या हाती उरतात त्या शिरा. मधोमध ठळक शीर, तिच्यातून तिरकस निघून एकमेकींत गुंफलेले जाळे, अखंड कडा आणि जिभेसारखा आकार, एवढ्या पुराव्यावर तो नाव उच्चारतो : ग्लॉसॉप्टेरिस.

हे नाव १८२८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अडोल्फ ब्राँन्यार यांनी दिले. त्याचा अर्थ जिभेसारखा नेचा. पुढे १९५२ मध्ये एडना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतील पानांना जडलेले प्रजननावयव वर्णिले आणि ही वनस्पती नेचा नसून बीजधारी असल्याचे मत दृढ झाले. नाव मात्र तेच राहिले. आधी दिलेल्या नावाचा मान शास्त्र राखते. समजूत तेवढी सुधारून घेते.

फेब्रुवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉट यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीच्या काठी दगड वेचले. एडवर्ड विल्सन यांना त्यांत पानांचे ठसे दिसले होते. अन्न सरत आले, अंगातले त्राण गेले. तरी सुमारे १६ किलोंचे ते ओझे त्यांनी टाकले नाही. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत तीन मृतदेह मिळाले आणि घसरगाडीवर ते दगड. केंब्रिजच्या ए. सी. सीवर्ड यांनी १९१४ मध्ये पाने ओळखली : ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. चंद्रपूरपासून झारखंडपर्यंतच्या कोळसापट्ट्यांशी नाते सांगणारे पान ध्रुवीय बर्फाच्या प्रदेशात निघाले! गोंडांच्या भूमीवरून ज्याचे नाव पडले, त्या प्राचीन महाखंडाच्या एकतेची ती मोलाची साक्ष ठरली.

याच सीवर्ड यांचे शिष्य बिरबल साहनी. लखनौतील त्यांच्या संस्थेची जीवाश्म जडवलेली कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी बसवली गेली. १० एप्रिलला साहनी गेले. संस्था उभी करण्याचा भार सावित्री साहनी यांनी उचलला. विल्सन यांनी वाहिलेली पाने सीवर्ड यांनी वाचली. साहनींनी मांडलेला डाव सावित्रीबाईंनी पुढे नेला. ओळखणारा कोणी येईल, या भरवशावरच माणसे ओझी वाहतात.