दहा मिनिटं लाईट, उरलेला दिवस जेवण

वडूजला एसटी स्टँडच्या मागं माझी खानावळ आहे. बावीस वर्षं रोज दोन वेळा चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक केला. आमटीला मीठ कमी पडलंय हे मला नुसत्या वासावरून कळायचं, तरी पळीतले चार थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय पातेलं खाली उतरवत नसे. 2018 च्या जानेवारीत त्याच जिभेच्या उजव्या कडेला फोड आला.

तांदळाच्या दाण्याएवढा फोड. एका डॉक्टरांनी दात घासत असेल म्हणून मलम दिलं, गोळ्या दिल्या. एक ट्यूब संपली की दुसरी. मी लग्नाआधीपासून मिश्री लावत होते. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. असे तीन महिने गेले. शेवटी दाताच्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, दोन-तीन आठवड्यांत भरला नाही असा फोड मलमावर ठेवायचा नसतो. तुकडा तपासायला द्या." तोवर मानेतही गाठ आली होती. त्या तीन महिन्यांचं दुःख अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

तुकड्यात कॅन्सर निघाला. परळला टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसलो, म्हणून निभावलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, आता तीस लाईट घ्यावे लागतील. रेडिएशनला तिथं सगळे लाईटच म्हणतात. आमच्याकडं शेक म्हणतात, आणि शेक म्हटलं की डोळ्यांपुढं तापलेला तवाच येतो. मी त्या रात्री झोपले नाही.

पण आधी पाठवलं ते दातांकडं. दोन किडलेल्या दाढा काढल्या. लाईट घेतल्यावर जबड्याच्या हाडाची भरून यायची ताकद कमी होते, मग नंतर दात काढला तर जखम वर्षानुवर्षं चिघळू शकते, असं सांगितलं. हिरड्या भरून येईपर्यंत थांबवलं आणि मग साचा करायला बोलावलं.

साचा म्हणजे तोंडाचा मुखवटा. पांढऱ्या प्लास्टिकचा बारीक भोकांचा पत्रा त्यांनी गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला. बघता बघता तो ओल्या पापडासारखा लुळा पडला. मी उताणी झोपलेले, मंगळसूत्र आणि कुड्या काढून ह्यांच्या हातात दिलेल्या. दोघांनी तो पापड चार कडांना धरून माझ्या कपाळापासून खांद्यापर्यंत ओढून बसवला. ऊन-ऊन टॉवेल तोंडावर टाकावा तसं वाटलं. नाक, हनुवटी, गालाची हाडं, सगळ्यावर तो चिकटत गेला, मग गार होत होत कडक झाला. दहा मिनिटांत माझाच चेहरा माझ्यावर बसला. तसंच सीटी स्कॅन केलं. त्यानंतर सात-आठ दिवस आमचं काही काम नव्हतं. किरणं कुठून सोडायची, लाळेच्या ग्रंथी आणि मणका कसा वाचवायचा, याचं गणित त्या दिवसांत मांडतात.

पहिल्या दिवशी मी थरथरत होते. जाड भिंतींची खोली, वर छतातून येणाऱ्या लाल रेघा, त्या साच्यावरच्या खुणांशी जुळवायच्या. साचा टेबलाला कट-कट करून अडकवला की मान तसूभर हलत नाही. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, आम्ही बाहेर जातोय, पण कॅमेऱ्यात तुम्ही दिसताय. काही झालं तर हात वर करा, लगेच आत येतो." दार लागलं. मशीनचं डोकं माझ्याभोवती फिरलं, पिठाच्या गिरणीसारखी घरघर झाली, आणि झालं! भाजलं नाही, टोचलं नाही, कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मनातल्या मनात पोळ्या लाटायला लागले. चौदावी पोळी तव्यावर पडली की दार उघडायचं.

त्या मुलालाच मी विचारलं, एकदम का नाही देऊन टाकत? त्यानं नीट समजावलं. किरणांच्या मापात रोज दोन ग्रे, तीस लाईटांत साठ. किरणांनी चांगल्या पेशींनाही मार बसतो, पण त्या एका रात्रीत बऱ्याचशा सावरतात. कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार थोडं-थोडं, शनिवार-रविवार सुट्टी. आणि मध्ये खाडा करायचा नाही, कारण जास्त सवड मिळाली तर त्या पेशीही वाढतात. हे मी पदराला गाठ मारून ठेवलं. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. जुलैत एक दिवस हिंदमाताला कंबरेएवढं पाणी तुंबलं. ना बस, ना टॅक्सी. आम्ही लांबच्या रस्त्यानं, गुडघ्याएवढ्या पाण्यातून परळला चालत गेलो. ह्यांनी माझी फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरली होती.

पहिले दोन आठवडे मी वन्संना फोनवर सांगत होते, काही नाही गं, उगीच घाबरलो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा मातीसारखा लागला. मला वाटलं धर्मशाळेतलं पाणी. संध्याकाळी वरण तोंडात घेतलं आणि त्यात काहीच नव्हतं. मीठ नाही, हिंग नाही, तूप नाही. जणू कापूस चावतेय. लाळ चिकासारखी घट्ट झाली, तोंडातून तार निघायची. मग फोड आले. पाण्याचा घोट घ्यायचा तर आधी मनाची तयारी करावी लागायची. मानेची कातडी काळी पडली, पुढं सोलली. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी हळद. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही लावलं नाही, साबणही नाही. मऊ धुवट सुती पातळाचा पदर तेवढा घ्यायची. मीठ आणि खायचा सोडा कोमट पाण्यात घालून दिवसातून आठ-दहा वेळा गुळण्या केल्या. तोंडाला आराम पडला तो या साध्या गुळण्यांनीच.

मी जेवण सोडलं. उपाशी राहणं मला सोपं वाटायला लागलं होतं. अठराव्या लाईटला त्या मुलानं साचा अडकवला आणि हनुवटीखाली त्याचं बोट आत गेलं. तो थांबला. "मावशी, तुम्ही बारीक झालात. साचा ढिला पडलाय." वजन अठ्ठावन्नचं बावन्न झालं होतं. साचा ढिला म्हणजे मान हलणार, मान हलली की ज्या जागेसाठी एवढं गणित मांडलं ती जागा चुकणार. नवा साचा, नवं स्कॅन, पुन्हा सगळं. तेव्हा मला उमगलं की लाईट दहा मिनिटांचा असतो, पण जेवण हा त्याच उपचाराचा भाग आहे, आणि तो माझ्या हातात आहे. हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते.

डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. नळी म्हणजे शेवट, असं आमच्याकडं मानतात, मी रडले. शेजारच्या खाटेवरची लातूरची बाई नळी घेऊनच जिने चढ-उतार करायची. तिनं माझा हात धरला, "मी नळी घातल्यापासून दोन किलो वाढले. तू खा, कुठूनही खा." मी हो म्हटलं.

आणि मग ज्यांनी जन्मात चहा केला नव्हता ते हे, धर्मशाळेच्या ओट्यावर उभे राहिले. मुगाचं पातळ वरण, मऊ भात, नाचणीचं सत्त्व दुधात, उकडलेलं अंडं, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचे. दर दोन तासांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी पळी हातात धरून मला विचारलं, "मीठ किती घालू?" नळीतून जाणाऱ्या अन्नाची चव मला लागणार नव्हती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी चिमटीनं दाखवलं, एवढं. त्यांनी तेवढंच घातलं.

शेवटचा लाईट ऑगस्टात झाला. मला वाटलं सुटलो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पुढचे दोन आठवडे जास्त जड जातील, कारण किरणांचा परिणाम लाईट थांबल्यावरही चालू असतो. अगदी तसंच झालं. आधी माहीत होतं म्हणून धीर टिकला, नाहीतर आजार उलटला असंच वाटलं असतं.

वडूजला परत आले तेव्हा वन्संनी नातीला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. अंगात किरणं असतील म्हणाल्या. त्यांचं मन वाईट नव्हतं. पण बाहेरून मशीननं दिलेले किरण अंगात राहत नाहीत, पेशंटपासून कुणाला काही होत नाही, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर पोरगी पळत येऊन मांडीवर बसली. एखाद्या घरात असं कुणी बाळाला दूर ठेवत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

सप्टेंबरात नळी निघाली. चव यायला दिवाळी उलटली, तीही एकदम नाही. आधी गोड कळलं, मीठ फार उशिरा. तोंड अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली कायम कमरेशी असते. तिखट सोसत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाची चव आता सून घेते आणि मला सांगते. थायरॉईडची तपासणी दरवर्षी करते, दातांची सहा महिन्यांनी.

जबडा आखडू नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्या दातांत धरायचा व्यायाम दिला होता. एकावर एक रचून जेवढ्या मावतील तेवढ्या धरायच्या. नळी निघाली तेव्हा अकरा मावत होत्या. पातेली चुलीवर चढायच्या आधी, अंधारातच, मी अजून रोज त्या मोजते. आज एकोणीस मावल्या.