डिस्चार्जनंतर कोणता सिनेमा बघू?

पेशंटला घरी सोडताना आम्ही डॉक्टर बरंच काही सांगतो. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, जिना चढायचा की नाही, टाके कधी काढायचे, पथ्य काय. पण घरी गेल्यावर अख्खा दिवस घालवायचा असतो, आणि आजकाल त्यातले निदान तीन-चार तास टीव्ही नाहीतर मोबाईलसमोर जातात. त्याबद्दल डिस्चार्ज कार्डावर काही लिहिलेलं नसतं. मग घरचे आपापल्या परीने सिनेमे लावून देतात. हेतू चांगलाच असतो, जरा करमणूक व्हावी एवढाच.

मी गेली सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. "सिनेमा बघितला तर चालेल का?" असं मला अनेकांनी विचारलंय. "कोणता बघू?" असं फार थोड्यांनी. खरं तर विचारायला हवा तो हा दुसरा प्रश्न. सिनेमा चांगला की वाईट हे समीक्षकांनी ठरवावं. आजारी माणसाने बघायचं ते असं, की आज माझ्या अंगाला आणि मनाला हा सिनेमा झेपेल का?

सगळ्यात सोपं उदाहरण ऑपरेशनचं. हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसराच दिवस, आणि मुलांनी बाबांना 'अशी ही बनवाबनवी' लावून दिला. 1988 सालचा हा सिनेमा आपल्याकडे पाठ नसलेलं घर सापडणं कठीण. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे समोरासमोर आले की हसू आवरत नाही, आणि इथेच पंचाईत होते. खळखळून हसताना पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात आणि पोटातला दाब वाढतो. खोकताना, शिंकताना होतं तेच. असे टाके हसण्याने सहसा तुटत नाहीत, पण कळ अशी येते की माणूस घाबरतो. रात्री साडेनऊला मला फोन आला तो याच कारणाने. सिझेरियन झालेल्या बायकांनाही हा अनुभव येतो. उपाय साधा आहे. हसू, खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की छोटी उशी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आणि पहिला आठवडा-दीड आठवडा गडगडाटी विनोदी सिनेमे बाजूला ठेवायचे. त्याऐवजी अमोल पालेकरांचा 'छोटी सी बात' बघा. मुंबईचे बसस्टॉप, ऑफिसं आणि एक बुजरा माणूस. ओठांवर हसू राहतं, पोटापर्यंत जात नाही. मी तर याला टाक्यांवरचा सिनेमाच म्हणते.

हसण्याने दुखणं कमी होतं असंही आपण ऐकतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने आपल्या आजारपणात मुद्दाम विनोदी सिनेमे बघितले. दहा मिनिटं मनापासून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा अनुभव त्यांनी 1979 च्या पुस्तकात लिहिला. पण तो एका माणसाचा अनुभव आहे, प्रिस्क्रिप्शन नाही. गोळ्या चालू ठेवून हसायला माझी काही हरकत नाही.

अँजिओप्लास्टी झालेले लोक थ्रिलर आणि भुताच्या सिनेमांबद्दल विचारतात. तब्येत स्थिर असेल, गोळ्या वेळेवर चालू असतील तर सिनेमाने इतकं घाबरायला नको. मला जास्त काळजी मॅचची वाटते. 2006 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक भागातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीच्या सामन्याच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस एरवीपेक्षा अडीच पटींहून जास्त होत्या. सिनेमा निदान थांबवता येतो, शेवटची ओव्हर थांबवता येत नाही. सिनेमा बघताना छातीत धडधड वाढली, दडपण आलं, तर रिमोट हातात घ्या. आणि छातीत दुखलं तर सिनेमाचा शेवट बघायला थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता जरा अवघड विषय. घरात कोणाला कॅन्सर निघाला की कोणीतरी हमखास 'आनंद' बघायला सांगतं. "बघ, राजेश खन्ना कसा हसत हसत जगतो." माझ्या एका पेशंट ताईंना, वय पन्नाशीच्या आसपास, मानेत गाठ आली. तपासणीत लिम्फोमा निघाला. कॅन्सरतज्ज्ञांनी केमोथेरपीची तारीख दिली. आदल्या रविवारी भाच्याने प्रेमाने 'आनंद' लावला. सोमवारी ताई माझ्याकडे आल्या, फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला उपचार घ्यायचे नाहीत. सहा महिनेच असतील तर पोरांचे पैसे कशाला घालवू? मुलीचं लग्न राहिलंय."

सहा महिने हा आकडा त्यांना कोणत्याही डॉक्टरने सांगितला नव्हता. तो सिनेमातला होता. आनंदला झालेल्या आजाराचं नाव सिनेमात 'लिम्फोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाइन' असं सांगितलंय. आज हे नाव आम्ही वापरत नाही. तो गट आता नॉन-हॉजकिन लिम्फोमामध्ये मोडतो, आणि त्याचे कितीतरी उपप्रकार आहेत. काही हळू वाढतात, काही झपाट्याने. गंमत म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्यांपैकी काही केमोला चांगली दाद देतात आणि पूर्ण बरेही होतात. 'आनंद' 1971 चा. ताईंना जे औषध मिळणार होतं, रिटुक्सिमॅब, ते बाजारात आलं 1997 साली. म्हणजे भास्कर बॅनर्जींच्या हातात जे नव्हतंच, ते आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळू शकतं. हे सगळं मी त्यांना पाऊण तास बसून सांगितलं. बाहेर ओपीडी खोळंबली होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. ताईंनी शेवटी एकच विचारलं, "म्हणजे तो पिक्चर खोटा?" मी म्हटलं, खोटा नाही, जुना आहे.

त्यांनी सहा सायकल घेतल्या. चार वर्षं झाली, तपासणीला नियमित जातात. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही, कारण तसं होत नाही. पण उपचार घ्यायचे की नाही हा निर्णय बायोप्सीचा रिपोर्ट आणि तुमचे डॉक्टर यांच्यासमोर बसून घ्यायचा असतो. 'आनंद' हा मोठाच सिनेमा आहे, मी स्वतः कितीदा बघितलाय. निदान होऊन जेमतेम आठवडा झालेल्या माणसासाठी तो नाही, इतकंच. त्या आठवड्यात आजारपणाचा कोणताच सिनेमा नको. पेशंटने स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा कोणीतरी शेजारी बसावं.

उलट काही सिनेमे धडधाकट असतानाच बघून ठेवावेत. 2004 साली आलेला 'श्वास' हा त्यातला एक. कोकणातले आजोबा, नातू, आणि नातवाच्या डोळ्यांचा कॅन्सर. तोही आज लवकर सापडला तर बऱ्याच मुलांचा डोळा वाचवता येतो. लहान मुलाच्या फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, किंवा डोळा तिरळा वाटू लागला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही निघत नाही. निघालं, तर लवकर कळलेलं बरं.

नैराश्याबद्दल तर घरच्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. "सारखा खोलीत पडून असतो, जरा कॉमेडी लावून दे," हा आपल्याकडचा घरगुती उपाय. नैराश्यात आनंद वाटण्याची क्षमताच मंदावलेली असते. हा हट्ट नव्हे, आजाराचं लक्षण आहे. एका कॉलेजच्या मुलाने मला सांगितलं होतं, "सगळे हसत होते आणि मी घड्याळ बघत होतो. आपल्यात काहीतरी कायमचं बिघडलंय असं वाटलं." म्हणजे सिनेमाने तो आणखी एकटा पडला. अशा माणसाला सिनेमा लावून देऊ नका, त्याच्यासोबत बसा. क्रिकेटचे जुने हायलाइट्स, जंगलातल्या प्राण्यांचा माहितीपट, जिथे हसायची किंवा रडायची सक्ती नाही असं काहीही चालेल. आणि घरच्यांनी स्वतः 'कासव' बघावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या सिनेमाला 2017 साली राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. खचलेल्या मुलाला प्रश्न न विचारता कसं सांभाळायचं, हे त्यात दिसतं. अर्थात सिनेमा म्हणजे उपचार नव्हेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं तर डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा आली तर दोन आठवडेही थांबू नका, माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, मराठीतही बोलता येतं.

थिएटरला जाणाऱ्यांसाठी थोडं. मध्यंतर ही आपल्या सिनेमाची फार आरोग्यदायी सोय आहे. तेव्हा उठा आणि चाला, विशेषतः पायाचं ऑपरेशन झालेल्यांनी, कारण तीन तास पाय लोंबकळत ठेवले की सूज येते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवीची गोळी असेल तर कडेची सीट घ्या. पॉपकॉर्नमधलं मीठ बीपीवाल्यांनी विसरू नये. चक्कर किंवा मायग्रेनवाल्यांनी थ्रीडीच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांना नेताना सर्टिफिकेट बघा. आता यूए 7+, यूए 13+, यूए 16+ असे वेगळे गट छापलेले असतात, तरी रात्रीच्या शोला मांडीवर पाच वर्षांचं पोर घेऊन मारामारीचा सिनेमा बघणारे आईबाप मला दिसतातच.

झोप न येणाऱ्यांनी रात्री नवी वेबसिरीज सुरू करू नये. तिचा प्रत्येक भाग तुम्हाला जागं ठेवायलाच तिथे संपवलेला असतो. बघायचंच असेल तर दहादा बघितलेला सिनेमा लावा आणि अर्ध्यात बंद करा.

शेवटी माझ्या आईबद्दल. आईला सहा वर्षांपासून डिमेन्शिया आहे. सुरुवातीला आम्ही तिच्यासाठी दिवसभर मालिका चालू ठेवायचो. संध्याकाळी ती अस्वस्थ व्हायची, टीव्हीतली माणसं घरात आली आहेत असं तिला वाटायचं. भांडणाचा सीन आला की घाबरायची, आणि एरवी "त्यांना चहा विचारलास का?" म्हणून मला रागवायची. डिमेन्शियात हे होतं. पडद्यावरचं आणि खोलीतलं यातला फरक पुसट होतो. म्हणून बातम्या, गुन्हेगारीचे कार्यक्रम आणि मारामारीचे सिनेमे अशा घरात बंदच ठेवावेत.

मग आम्ही तिच्या तरुणपणाचे सिनेमे शोधले. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या आठवणी माणसाच्या मनात जास्त घट्ट बसतात आणि बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात. आई सोळा वर्षांची होती तेव्हा, 1960 मध्ये, राजा परांजपे यांचा 'जगाच्या पाठीवर' आला. सुधीर फडके यांचं संगीत, गदिमांची गाणी. माझं नाव तिला आता आठवतंच असं नाही, पण गाणं लागलं की ती पुढची ओळ आधी म्हणते आणि बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरते.

पूर्ण सिनेमा तिला झेपत नाही. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं लावतो, दुपारी, खोलीत भरपूर उजेड असताना. संध्याकाळी नाही. शेजारी कोणीतरी बसतं. "हे कोण आहेत, ओळख पाहू," असं विचारत नाही, कारण तिला उत्तर आलं नाही की ती कानकोंडी होते. आवाज बेताचा ठेवतो, पंखा आणि मिक्सर बंद, आणि आधी तिचं कानाचं मशीन लावतो. त्याच्या बॅटऱ्या महिन्याच्या सामानाच्या यादीत साबणाच्या खालीच लिहिलेल्या असतात.