पंप चालू ठेवला

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. घरी येणारा प्रत्येक जण मासे बघतो. मी दगड बघतो.

त्यांना 'लाइव्ह रॉक' म्हणतात. दगड स्वतः जिवंत नसतो, त्याच्या छिद्रांत राहणारे जीव असतात. मासे अमोनिया सोडतात. दगडावरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. आपल्याकडे प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून समुद्रातला खडक नको होता. कोरडे दगड आणले, बाटलीतले जिवाणू सोडले, मित्राच्या टाकीतला मूठभर दगड मध्ये ठेवला आणि दीड महिना नुसत्या पाण्याकडे बघत बसलो. वर्षभरात दगडांवर जांभळं शेवाळ चढलं.

मार्चमध्ये बाबांची बायपास झाली. मी बारा दिवस सोलापूरला होतो. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रूममेट रोज गोडं पाणी घालायचा. शेवटी तोही दोन दिवस गावी गेला आणि नेमका तेव्हाच फ्यूज उडाला.

मी दार उघडलं तर कुजलेल्या अंड्यांचा वास. दोनपैकी एक क्लाउनफिश मेलेला. अमोनियाच्या टेस्टमध्ये पिवळा हवा तिथे गडद हिरवा रंग.

पहिला विचार आला, दगड ब्लीचमध्ये बुडवावेत आणि सगळं नव्याने सुरू करावं. ऑफिसात सर्व्हर अडकला की आम्ही रीस्टार्टच करतो. पण त्यात उरलेसुरले जिवाणूही गेले असते. मग बादलीभर खाऱ्या पाण्यात एकेक दगड धरून मेलेले स्पंज टूथब्रशने काढले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, म्हणून ते टाळलं. एक तृतीयांश पाणी बदललं, घनता १.०२५, तापमान २६ अंश. उरलेला मासा मित्राकडे दिला. पंप चालू, दिवे बंद.

मग रोज संध्याकाळी दोन कामं. टेस्ट आणि बाबांना फोन.

"आज किती चाललात?"

"गेटपर्यंत."

"कालही गेटपर्यंतच होतं ना?"

नवव्या दिवशी ते म्हणाले, "घाई तुला आहे रे, मला नाही."

त्यानंतर मी विचारणं बंद केलं.

सतराव्या दिवशी नळीतला रंग पिवळा आला. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे इतके दिवस तू नुसता बसून होतास?"

"पंप चालू ठेवला," मी म्हणालो.

ते हसले. मग स्वतःहूनच म्हणाले, "आज कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेलो होतो."