सेकंड गिअर

सॅन स्टॉर्म आठवतेय? गोव्यात बनलेली, फायबर बॉडीची टू-सीटर, इंजिन रेनॉचं. बाबांनी हौसेनं घेतलेली. आता म्हणतात, विकून टाकू, सकाळी सेकंड गिअर करकरतो. ऑइल कधी बदललं ते दोघांनाही आठवेना. एक वीकेंड मागून घेतला.

रविवारी भाटघरला मामाकडे. तापलेल्या गिअरबॉक्समधून ऑइल भराभर उतरतं. गाडी सपाट अंगणात, स्टँडवर. आधी भरायचा प्लग सोडवला. तो निघालाच नसता आणि ऑइल सांडून बसलो असतो तर? मग खालचा. काळं, जळकट वासाचं. नवं घातलं जीएल-४. जीएल-५ मधलं गंधक पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतं म्हणे! भोकातून ओघळेपर्यंत भरलं. जुनं कॅनमध्ये बंद करून पुण्याला न्यायचं. इथलं पाणी नीरेच्या कालव्यांतून पार बारामती-फलटणपर्यंत जातं, त्यात आपला थेंब नको.

सोमवारी पहाटे, थंडगार गाडीत बाबा बसले. फर्स्ट. सेकंड. करकर? किंचित.

'भोरपर्यंत जाऊन येतो,' म्हणाले. नाश्ता गार झाला, तरी पत्ता नाही. ऑफिसला मी एसटीनं निघाले.