प्रगतिपुस्तक कोण वाचतं?

१ मे हा आमच्या हिंगोली जिल्ह्याचा वाढदिवस. १९९९ साली याच दिवशी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा झाला. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन उरकलं की प्राथमिक शाळांचा निकालही वर्षानुवर्षे याच दिवशी लागत आला आहे. मुलं धुतलेले कपडे घालून येतात. गुरुजी नाव पुकारतात, हातात प्रगतिपुस्तक देतात. मूल ते छातीशी धरून घरी पळतं. 'पास झालो' एवढीच बातमी घरात पोचते. प्रगतिपुस्तक लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या शेजारी जाऊन बसतं आणि शाळेला सुट्टी लागते.

म्हणजे आपल्याला काय येत नाही हे ज्या दिवशी मुलाला कळायचं, त्याच दिवशी शाळेच्या दाराला कुलूप लागतं.

आम्ही नवरा-बायको दोघेही याच जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. एक मराठी माध्यमात, एक उर्दू माध्यमात. दोन्हीकडची लिपी वेगळी, पण प्रगतिपुस्तकाचं नशीब सारखंच. शिकणाऱ्या मुलाला आपण कुठवर आलो आणि कुठे अडलो हे वरचेवर, त्याला समजेल अशा शब्दांत सांगणं हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, असं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आम्हाला वाटतं. आपल्या समाजातल्या मुलांच्या बाबतीत तर ते अधिकच निकडीचं आहे. त्याचं कारण आपल्या घरांच्या इतिहासात आहे.

निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू होती. आमच्या भागातले आजोबा चार-पाच इयत्ता शिकले ते उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. कारभाराची भाषा बदलली. मधल्या पिढीतले कितीतरी जण हमालीला, गॅरेजवर, बागवानीला, हळदीच्या आडतीवर लागले आणि त्यांच्या हातून दोन्ही लिप्या सुटल्या. आता नातू मराठी शाळेत जातो. त्याचं प्रगतिपुस्तक आजोबांना वाचता आलं नसतं, वडिलांना वाचता येत नाही. मग एखादी शेजारीण आमच्या दारात येते. "सर, इसमें क्या लिखे हैं, जरा पढ के बताओ."

आम्ही वाचून दाखवतो. 'गणिती क्रिया अचूक करतो. गटकार्यात आनंदाने सहभागी होतो.' तिचा चेहरा खुलतो. पण शेजारी उभं असलेलं मूल खाली बघतं. त्याला ठाऊक असतं. अशा वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तकं बाजारात मिळतात. त्यातलं वाक्य उचललं की ते कोणत्याही मुलाला बसतं, आणि म्हणूनच ते कुणाचंच नसतं.

कायद्याच्या मनात हे नव्हतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २९व्या कलमात मुलाच्या आकलनाचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे. २४व्या कलमात शिक्षकावर आणखी एक कर्तव्य टाकलं आहे: पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगायची. महाराष्ट्राने २०१० साली त्यानुसार पद्धत बदलली. आकारिक आणि संकलित असे दोन भाग आले. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय यांतून वर्षभर मूल पाहायचं ते आकारिक, आणि सत्राच्या शेवटी घ्यायचं ते संकलित. पहिली-दुसरीत शंभरातले ७० गुण आकारिकाला दिले. विचार चांगला होता. पण लोकांच्या लक्षात एकच गोष्ट राहिली, की आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही. 'रोज बघा आणि रोज सांगा' हा अर्धा भाग कागदावर राहिला.

त्याची किंमत कुणी मोजली, ते एका मुलीच्या हकिकतीवरून सांगतो. मुलगी हुशार, बोलकी, घरातलं सगळं करून शाळेत येणारी. आमच्या शाळांतली नव्हे. आठ वर्षं दरवर्षी पुढच्या वर्गात गेली. नववीला दुसऱ्या शाळेत नाव घातलं आणि पहिल्याच चाचणीत गणिताचा पेपर जवळजवळ कोरा दिला. दुसऱ्या चाचणीला तेच. वडिलांना शाळेत बोलावलं गेलं. आठ वर्षांत शाळेने त्यांना बोलावण्याची ती पहिली वेळ. भल्या माणसाला वाटलं, पोरीचं डोकंच चालत नाही, उगाच कशाला तिला त्रास. महिन्याभरात शाळा सुटली.

नंतर ती आमच्याकडे शिवणाचं माप द्यायला आली, तेव्हा सहज पाटी पुढे केली. ६१८ भागिले ६. तिने उत्तर काढलं १३. सहाला सहाने भाग गेला, एकाला जात नाही म्हणून तिने आठ खाली घेतला. मधलं शून्य लिहायचं राहिलं. दुसरं गणित दिलं, तिथेही तेच. चौथीतली गोष्ट. तिथे ती अडली होती आणि पुढची सगळी वर्षं त्या न लिहिलेल्या शून्यावर उभी होती. अर्ध्या तासात तिला ते उमगलं. "इतनाच था?" एवढंच ती म्हणाली. पण तोवर घरात तिच्या लग्नाची बोलणी पक्की झाली होती. तिच्या प्रगतिपुस्तकांवर सगळीकडे बरी श्रेणी होती. वडिलांनी ती सगळी जपून ठेवली आहेत.

असं नाही की आपल्याकडे वरचेवर सांगण्याची रीतच नव्हती. मदरशात हिफ्ज करणारं मूल पाहा. सकाळी उस्तादांपुढे बसून नवा सबक ऐकवायचा. मग अलीकडे पाठ केलेला सबक पारा. मग मागचा आमोख्ता. जेर-जबर चुकली की उस्ताद तिथेच थांबवतात, मूल तिथेच दुरुस्त करतं. सबक कच्चा असेल तर उद्या पुन्हा तोच. त्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल, आपण कितव्या पाऱ्यावर आहोत आणि कुठला रुकू अजून अडखळतो. त्याला निकालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र जिथे छडीचा धाक असतो तिथे मूल चूक लपवायला शिकतं, आणि लपलेली चूक कुणालाच सुधारता येत नाही. हेही ध्यानात ठेवायला हवं.

आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट इथे आठवते. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात आहे. संतमंडळी जमली असताना गोरोबा कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव कळवळले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. भरल्या मंडळीत असं ऐकणं किती जिव्हारी लागलं असेल! पण गोष्ट तिथे थांबत नाही. नामदेवांना पुढचा पत्ता मिळाला, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. ते गेले, शिकले. त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. आम्हाला या गोष्टीतला औंढ्याचा पत्ता मोलाचा वाटतो. नुसतं 'कच्चं' म्हणून सोडून दिलं असतं तर?

शाळांत अनेकदा थापटणं तेवढं वापरलं जातं. सर्वांसमोर गुण वाचून दाखवणं, 'ढ'ची रांग वेगळी बसवणं म्हणजे प्रगती कळवणं नव्हे. मुलाला एकट्याला, हळू आवाजात आणि पुढची पायरी दाखवून सांगावं लागतं.

आम्ही काय करतो? फार मोठं काही नाही. प्रत्येक मुलाची एक छोटी वही. मराठी शाळेत तिच्या पानावर दोन रकाने, 'आलं' आणि 'अडलं'. उर्दू शाळेत 'आ गया' आणि 'अटका'. मूल स्वतःच लिहितं. त्याखाली आम्ही एकच ओळ लिहितो, पुढे काय करायचं. वर्गात चाळीस मुलं असली तर रोज आठ जणांशी दोन-तीन मिनिटं बोलायचं. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. शनिवारी मूल ती वही घरी नेतं आणि अम्मीला स्वतः वाचून दाखवतं. अम्मीला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. एका मुलाने 'अडलं'च्या रकान्यात तीन आठवडे 'हातचा' हा एकच शब्द लिहिला. चौथ्या आठवड्यात तो 'आलं'मध्ये लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं वही सोबत नेतात. परत आली की कुठून सुरुवात करायची हे ती वही सांगते.

आता ही निकड वाढली आहे. केंद्राने २०१९ साली कायदा बदलला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्याला फेरपरीक्षा, आणि तीही साधली नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसणं. ज्या मुलाला वर्षभर काही सांगितलं नाही, त्याला एकदम 'नापास' हा शब्द ऐकवणं हा अन्याय आहे. आणि तो शब्द ऐकून शाळा सोडणाऱ्यांत आपल्या मुली पुढे असतील, ही भीती आम्हाला वाटते.

हे काम एकट्या शाळेवर सोडून चालणार नाही. या अंकाचे वाचक शिकलेले आहेत. प्रत्येकाच्या मोहल्ल्यात पेटीत पडलेली प्रगतिपुस्तकं आहेत. महिन्यातून एक तास काढून चार घरांत बसा, ती वाचून दाखवा, आणि त्यात लिहिलेलं मुलाकडून पाटीवर करून घ्या. आईबापांना मुलाला विचारायचा एक प्रश्न शिकवा: "आज क्या अटका?" 'किती गुण मिळाले' हा प्रश्न मे महिन्यापर्यंत थांबू शकतो. हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारायला हवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल ते विचारायला गुरुजींकडे जाईल.